घरी येणारे उपचारक आणि मर्यादेचा प्रश्न

दुपारचे चार वाजलेले असतात. पुण्यातील वा ठाण्यातील एखाद्या गृहसंस्थेत तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजते. आतून आजी पुकारतात, "अरे, ताई आल्या बघ!" सहा वर्षांचा मुलगा धावत येतो आणि आलेल्या बाईंच्या खांद्यावरची पिशवी ओढू लागतो. तिच्यात मणी असतात, ठोकळे असतात, चित्रांच्या पट्ट्या असतात. मुलगा अजून दोनच शब्दांची वाक्ये बोलतो. त्याला बोलते करण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस या ताई येतात. पाऊण तासाचे काम संपता संपता चहा येतो, बशीत चिवडा येतो. मग आई विचारते, "ताई, अर्धा तास थांबाल का? मी एवढी भाजी घेऊन येते." आणि चपला घालता घालता आवाज खाली आणून आणखी एक प्रश्न विचारते, "शेजारच्या इमारतीतल्या त्या मुलीकडेही तुम्हीच जाता ना? तिचे नेमके काय आहे हो?"

यातील कोणतीही गोष्ट वाईट हेतूने घडत नाही. आजींचा चहा हा आतिथ्याचा भाग आहे, आईची विनंती अडचणीतून आलेली आहे आणि शेजारच्या मुलीची चौकशी बहुधा आस्थेपोटीच केलेली आहे. तरीसुद्धा त्या एका तासात ताईंपुढे तीन निरनिराळे प्रश्न उभे राहिले. त्या या घरच्या पाहुण्या आहेत काय? मूल सांभाळण्यासाठी ठेवलेल्या बाई आहेत काय? आणि एका घरात पाहिलेले दुसऱ्या घरात बोलावे, इतक्या त्या या कुटुंबातल्या झाल्या आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या मनात स्पष्ट नसतील, तर ज्या कामासाठी त्या येतात त्या कामालाच धोका पोहोचतो. आणि त्याची झळ लागते ती ज्याला यातले काहीच कळत नाही त्या मुलाला.

वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनोपचार, समुपदेशन, विशेष शिक्षण असे या सेवेचे अनेक प्रकार आहेत. पालक त्या सर्वांना सरसकट 'थेरपी' म्हणतात. ही थेरपी आता दवाखान्याच्या खोलीत मावेनाशी झाली आहे. ती घराच्या दिवाणखान्यात, शाळेच्या वऱ्हांड्यात, बागेतल्या घसरगुंडीपाशी आणि बसच्या थांब्यावर येऊन पोहोचली आहे. अशा वेळी व्यवसायाच्या मर्यादा कोणत्या आणि त्या कोणी सांभाळायच्या, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या परिषदांत चर्चिला जावा इतका मर्यादित राहिलेला नाही.

खोलीबाहेर येण्याची कारणे

उपचारकांनी खोलीबाहेर यावे याला सबळ कारणे आहेत. खोलीत शिकलेली गोष्ट मूल घरी आपोआप करू लागते असे नाही. तज्ज्ञांसमोर चमच्याने जेवणारा मुलगा घरी आजीच्या हातूनच घास घेतो. खोलीत शांत बसणारी मुलगी वर्गातल्या गोंगाटात कानावर हात ठेवते. जिथे अडचण आहे तिथेच उपाय शिकविला पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला. अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ मध्ये झाला आणि १९८६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांखालील बालकांसाठी लवकर उपचाराची तरतूद केली गेली. मूल जेथे एरवी वावरते अशा स्वाभाविक परिसरात ही सेवा द्यावी, असे तत्त्व पुढे त्या कायद्यात रुजले. कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे पुष्कळ वादग्रस्त ठरलेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षांहून अधिक काळ, मुख्यत: घरीच शिकविले गेले होते.

भारतातही शिक्षणहक्क कायद्याला २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. त्यासाठी विशेष शिक्षक खेड्यापाड्यांतील घरांत जातात. २०२० च्या टाळेबंदीत तर उपचारकेंद्रेच बंद पडली आणि उपचार भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. पडद्यामागे भाजी चिरली जात होती, मोठ्या भावाचा अभ्यास चालू होता, कधी भांडणही ऐकू येत होते. घर उपचारकाच्या नजरेला कायमचे खुले झाले ते असे.

म्हणून पुन्हा खोलीत परतावे, असा उपाय सुचविणे व्यर्थ आहे. मात्र त्या खोलीने जे काम गुपचूप केले होते ते कोणते, हे समजून घ्यावयास हवे. खोलीला दार होते, म्हणून बोलणे बाहेर जात नसे. भिंतीवर घड्याळ होते, म्हणून भेटीला आरंभ आणि शेवट होता. टेबल होते, म्हणून कोण कोणाकडे कशासाठी आले आहे याचा विसर पडत नसे. भिंती गेल्या म्हणजे ही सर्व कामे उपचारकाला स्वत:च्या वागणुकीने करावी लागतात.

या शास्त्राच्या प्रवर्तकांनाही हा धडा सहज मिळाला नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१८ पासून आपल्या अॅना या मुलीचेच मनोविश्लेषण केले. आज कोणतीही व्यावसायिक संहिता त्याला मान्यता देणार नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वारंवार पळून जाणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाला तीन महिने स्वत:च्या घरीच ठेवून घेतले. मुलाचा राग अनावर झाला की ते त्याला दाराबाहेर ठेवीत. तेथे एक खास घंटा होती. ती वाजविली की त्याला आत घेतले जाई आणि झाल्या प्रकाराविषयी एक शब्दही काढला जात नसे. मुलाच्या वागण्याने स्वत:च्या मनात द्वेष उत्पन्न होत होता, हे विनिकॉट यांनी १९४९ मध्ये छापलेल्या निबंधात मोकळेपणाने मान्य केले. मुलाला थंडीवाऱ्यात दाराबाहेर उभे करण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु ज्याने मुलाला थेट घरात आणले, त्यालाही एक दार आणि एक घंटा यांची गरज भासली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पैसे एकाचे, उपचार दुसऱ्यावर

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या व्यवहाराचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. भाजी घेणारा भाजी पारखून घेतो आणि नासकी निघाल्यास दुसऱ्या दिवशी दुकान बदलतो. वैद्यकीय सेवेत हे शक्य नसते. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की, रोग्याला सेवेची गुणवत्ता पारखता येत नाही आणि विकणाऱ्याला विकत घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. म्हणूनच वैद्याकडून सामान्य विक्रेत्याहून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा समाज बाळगतो. बाजार जिथे अपुरा पडतो तिथे विश्वास आणि व्यवसायनीती यांना ती उणीव भरून काढावी लागते.

मुलांच्या बाबतीत ही उणीव दुहेरी आहे. येथे पैसे देतात आईवडील आणि उपचार होतो मुलावर. मूल उपचारक निवडत नाही, शुल्क ठरवीत नाही, तक्रार करीत नाही आणि नको असेल तर दुसरीकडे जाऊही शकत नाही. उपचारकाला शुल्क प्रत्येक भेटीगणिक मिळत असेल तर भेटी लवकर संपविण्यात त्याचे नुकसान आहे. पैसे मोजणाऱ्या पालकांना प्रगती दिसावयास हवी असते, तेव्हा नसलेली प्रगती दाखविण्याचा मोह होतो. यात कोणाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. व्यवहाराची रचनाच तशी आहे. अशा रचनेत मुलाच्या बाजूने उभी राहणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे उपचारकाने स्वत:ला घालून घेतलेली मर्यादा.

चहा आणि आपलेपणा

मर्यादा म्हटली की ती पाश्चात्त्यांच्या कोरडेपणाची नक्कल आहे, असा आक्षेप घेतला जातो. मराठी घरात दारी आलेल्याला निदान पाणी तरी विचारले जाते. घरी शिकवणीला येणारे मास्तर कित्येक घरांत सणाच्या दिवशी पंगतीला असत. मुलाने 'ताई' म्हटले तर बिघडले कोठे? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

टॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबर्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. मर्यादा ओलांडणे वेगळे आणि मर्यादा भंगणे वेगळे. ओलांडण्याने रुग्णाची हानी होत नाही, कधी हितही होते. भंगण्यात रुग्णाचा वापर उपचारकाच्या गरजेसाठी होतो. कपभर चहा पहिल्या प्रकारात मोडतो. अमेरिकेतील वर्तनविश्लेषकांच्या २०१६ पासून अमलात आलेल्या संहितेने भेटवस्तू घेणे-देणे सरसकट निषिद्ध मानले होते. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने क्वचित् दिलेली, अल्प मोलाची आणि कृतज्ञतेपोटी आलेली भेट मान्य केली. लोकांच्या घरात जाऊन काम करावयाचे तर पाण्याचा पेलाही नाकारणारा नियम टिकत नाही, हे तेथेही उमगले असावे.

तेव्हा 'ताई' हे संबोधन असू द्यावे, चहाही असू द्यावा. परंतु खऱ्या मावशीच्या आणि या ताईंच्या नात्यात एक मूलभूत फरक आहे. मावशी आयुष्यभराची असते, ती पैसे घेत नाही आणि घरच्या भांडणात ती एखादी बाजू घेऊ शकते. उपचारक ठराविक काळासाठी येतो, शुल्क घेतो आणि त्याला मुलाखेरीज कोणाचीही बाजू घेता येत नाही. चहा घेताना सासूने सुनेविषयी सांगितलेली तक्रार ऐकून मान डोलावली, की सुनेच्या दृष्टीने त्या ताई सासूच्या झाल्या. पुढच्या भेटीपासून मुलाची आई त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. अर्धा तास मूल सांभाळण्याची विनंती एकदा मान्य झाली की दुसऱ्यांदा नाकारणे कठीण होते आणि हळूहळू उपचाराची वेळ आणि सांभाळण्याची वेळ यांतला फरक पुसला जातो. "आज नाही म्हणावे लागेल, कारण मी येथे त्याच्या बोलण्यासाठी येते," हे वाक्य पहिल्याच आठवड्यात बोलणे सोपे असते. सहा महिन्यांनी तेच अपमानासारखे वाटते.

मर्यादेने उपचारकाचेही रक्षण होते, हे विसरता कामा नये. या व्यवसायात तरुण मुलींची संख्या मोठी आहे. अनोळखी घरांत त्या एकट्या जातात. रात्री अकरा वाजता आलेल्या संदेशाला उत्तर दिले नाही तर आस्था नाही असे म्हटले जाते, महिन्याचे पैसे लांबले तर मागण्याचा संकोच वाटतो. 'घरचीच' मानलेल्या व्यक्तीला वेळेचा मोबदला मागता येत नाही. भेटीच्या वेळी घरात दुसरी प्रौढ व्यक्ती असावी, खोलीचे दार उघडे असावे, मुलाला दुचाकीवरून एकट्याने नेऊ नये, शरीराला स्पर्श करावा लागणार असेल तर का आणि कसा हे मुलाला आणि पालकांना आधी सांगावे, या साध्या नियमांनी दोन्ही बाजू निर्धास्त होतात.

गुपित आणि कायदा

घरात जाणाऱ्याला न सांगितलेल्याही गोष्टी दिसतात. कपाटावरची बाटली दिसते, कर्जवसुलीसाठी आलेला माणूस दिसतो, भिंतीला टेकून रडणारी आई दिसते. यांतले नोंदवहीत काय लिहावे? मुलाच्या उपचाराशी ज्याचा संबंध आहे तेवढेच, हे त्याचे उत्तर. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या मुलालाही आपली गोष्ट जिन्यात चर्चिली जाऊ नये, असे वाटण्याचा हक्क आहेच. प्रगतीची म्हणून काढलेली चित्रफीत उपचारकाने आपल्या जाहिरातीसाठी फिरविली, तर पालकांनी संमती दिली असली तरी चौदाव्या वर्षी तो मुलगा ती पाहील तेव्हा त्याला काय वाटेल, याचा विचार कोणी केलेला नसतो.

मात्र गोपनीयतेलाही एक सीमा आहे आणि ती कायद्याने आखलेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्ञान असणाऱ्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीने विशेष बाल पोलिस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळविले पाहिजे. न कळविणाऱ्यास कलम २१ नुसार शिक्षा होऊ शकते. उपचारक या कर्तव्यातून सुटत नाही. म्हणून "तू मला काहीही सांग, मी कोणालाच सांगणार नाही," असे वचन मुलाला कधीही देऊ नये. "तुझे बोलणे मी जपून ठेवीन, पण तुला कोणी इजा करीत असेल तर तुला मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसांना मला सांगावे लागेल," हे त्याला समजेल अशा भाषेत पहिल्या भेटीतच सांगावयास हवे.

सगळ्या मर्यादांचे मर्म या ठिकाणी प्रकट होते. अशी वेळ आलीच तर कोणाविरुद्ध बोलावे लागेल? अनेकदा घरातल्या वा घराच्या ओळखीतल्याच माणसाविरुद्ध. ज्या उपचारकाने दिवाळीचा फराळ त्याच घरी केला, ज्याला या काकांनी नोकरीसाठी शब्द टाकला, ज्याचे दोन महिन्यांचे शुल्क याच आजोबांकडून यावयाचे आहे, त्याला मुलाच्या वागण्यातला बदल प्रथम दिसतच नाही. दिसला तरी खरा वाटत नाही. खरा वाटला तरी बोलवत नाही. घरच्यांपैकी एक झालेला माणूस घरच्यांइतकाच आंधळा होण्याचा संभव असतो. उपचारक थोडा परका राहिला पाहिजे तो एवढ्यासाठी की, एखाद्या दिवशी त्या मुलाला परक्याचीच गरज पडेल.

शाळेत आणि रस्त्यावर

शाळेत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी सहायक शिक्षिका पालकांनी पगार देऊन ठेवलेली असते, बसते शाळेच्या वर्गात आणि सूचना घेते वर्गशिक्षिकेकडून. ती नेमकी कोणाची? मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत "आज काय म्हणाला तो तुमच्याजवळ?" असे सहज विचारले जाते. प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकांचा हेतू चांगला असतो. मुलाला फळ्याजवळ बसवावे, सूचना एकेक करून द्याव्यात, एवढे त्यांना कळलेच पाहिजे. मुलाच्या घरात काय चालले आहे हे कळण्याची आवश्यकता नसते. समुपदेशकांनी मुलाला भर वर्गातून नावाने हाक मारून नेले, तर चाळीस मुलांना जे कळावयाचे ते कळून जाते. निरोप कसा पाठवावा आणि कोणत्या तासाला बोलवावे याविषयी मुलालाच विचारले, तर मार्ग निघतो.

लहान गावात तर भेट टळतच नाही. आठवडी बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात उपचारक आणि मूल समोरासमोर येतात. अशा वेळी उपचारकाने आपण होऊन ओळख दाखवू नये. मुलाने हाक मारली तर हसून उत्तर द्यावे आणि उपचाराचा विषय काढू नये. परंतु हे मुलाला अगोदर सांगून ठेवलेले असले पाहिजे. नाही तर बाजारात ताईंनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले, एवढेच त्याच्या मनात राहते.

निरोपाची तयारी

यासाठी काय करता येईल? उपचार सुरू होताना एका पानाचा लेखी करार व्हावा. भेटीची वेळ, शुल्क, सुट्टी, निरोपाची पद्धत, छायाचित्रांविषयीचा नियम, कोणाला काय सांगितले जाईल आणि काय सांगितले जाणार नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. एकट्याने काम करणाऱ्या उपचारकाने महिन्यातून एकदा तरी अनुभवी सहव्यावसायिकापुढे आपल्या कामाची मांडणी करावी. चार भिंतींत जे सहकाऱ्यांच्या नजरेने आपोआप होत होते, ते येथे ठरवून करावे लागते. पालकांनी नोंदणीची चौकशी करण्यास संकोचू नये. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारक आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. व्यवसायोपचारतज्ज्ञांसह अन्य अनेक व्यवसायांसाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा झाला आहे. तथापि नोंदणीने पात्रता कळते. बंद दारामागची वागणूक कोणत्याही परिषदेला रोज पाहता येणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोष्ट शेवटची आहे. उपचार कधी तरी संपतात. पैसे पुरत नाहीत, बदली होते, ताईंचे लग्न ठरते, किंवा मूल बोलू लागते आणि गरजच उरत नाही. मोठ्यांच्या हिशेबी हा एक व्यवहार संपलेला असतो. मुलाच्या हिशेबी मात्र सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार वाजता येणारे एक माणूस एकाएकी नाहीसे झालेले असते. आपणच काही चुकीचे केले म्हणून त्या यायच्या थांबल्या, असाच अर्थ लहान मूल लावते. म्हणून निदान महिनाभर आधी त्याला सांगावे, दिनदर्शिकेवर उरलेल्या भेटींवर खुणा कराव्यात, शेवटच्या दिवशी पिशवीतला एखादा ठोकळा त्याच्याजवळ राहू द्यावा आणि "आता मी येणार नाही," हे त्याच्या तोंडावर सांगावे. एवढे केले म्हणजे पुढच्या सोमवारी चार वाजता तो दाराकडे पाहील तेव्हा त्याला वाईट वाटेल, पण आपल्याला फसविले गेले असे वाटणार नाही.